दीडशे दिले, तीस मिळाले

संगणकाला दीडशे अंशांचा कोन द्या आणि त्याचा साइन विचारा. उत्तर येईल ०.५. आता तेच ०.५ त्याच्याच हातावर परत ठेवा आणि विचारा, बाबा रे, हा साइन कुठल्या कोनाचा? तो पापणीही न लवता सांगेल, तीस अंशांचा. दीडशे जमा केले, तीस हातात आले. मधले एकशे वीस अंश कुठे गेले याचा हिशोब नाही, पावती नाही, दिलगिरी तर नाहीच. सी, जावा, पायथन, जावास्क्रिप्ट, कुठल्याही भाषेच्या गणिताच्या लायब्ररीत जा, ए-साइन नावाच्या फंक्शनचा हा कारभार राजरोस चालू आहे आणि त्याला आंतरराष्ट्रीय मानकांचा पाठिंबा आहे.

तसं पाहिलं तर मूळ दोष साइनचा. त्याच्याकडे तीस अंश घेऊन जा, ०.५ मिळतं. दीडशे घेऊन जा, ०.५. तीनशे नव्वद, पाचशे दहा, उणे दोनशे दहा, कुणालाही पाठवा, प्रत्येकाच्या हाती तेच ०.५ ठेवून साइन मोकळा होतो. कोण आलं होतं, कितव्या फेऱ्यात आलं होतं, याची नोंद ठेवायची पद्धत त्याच्या घराण्यात नाही. मग ए-साइनसमोर येतं ते नुसतं ०.५, आणि त्याच्यामागे उभे असतात अनंत कोन, सगळेच खरे दावेदार. गणितज्ञांनी यावर तोडगा काढला. ए-साइनने उणे नव्वद ते नव्वद अंश एवढ्याच पट्ट्यात उत्तर द्यायचं, ए-कॉसने शून्य ते एकशे ऐंशी, आणि ए-टॅनने पुन्हा उणे नव्वद ते नव्वदच्या आत. बारावीत याला प्रिन्सिपल व्हॅल्यू म्हणतात आणि ती पाठ करून आपण पुढच्या प्रकरणाकडे वळतो. तोडगा चांगलाच आहे. मला खटकतो तो फक्त ए-साइनचा आत्मविश्वास. ‘तीस असावेत, पण दीडशेही असू शकतील, कोन पाठवणाऱ्याला एकदा विचारून घ्या’ एवढं म्हणायला काय हरकत होती? पण नाही. एकच उत्तर, आणि तेही दशांश चिन्हापुढे सोळा आकडे लावून.

आणि ते उत्तर ‘तीस’ असतं हे मी तुमच्या सोयीसाठी सांगितलं. प्रत्यक्षात पायथनमध्ये ए-साइनला ०.५ दिलं की हाती पडतं ०.५२३५९८७७५५९८२९८९. कारण लायब्ररीला अंश कळत नाहीत. तिला रेडियन कळतात. एक रेडियन म्हणजे साधारण ५७.२९५७८ अंश. वर्तुळाची त्रिज्या उचलून परिघावर वाकवून ठेवली की जो कोन होतो, तो. गणिताच्या दृष्टीने याहून शुद्ध माप नाही आणि सुताराच्या दृष्टीने याहून निरुपयोगी माप नाही. मग आपण ते उत्तर अंशांत फिरवून घेतो. पायथन ते प्रामाणिकपणे फिरवतो आणि म्हणतो, ३०.०००००००००००००००४. नाही, थांबा, शून्यं जास्त झाली. दशांश चिन्हानंतर चौदा शून्यं आणि मग चार. हा शेवटचा चार पहिल्यांदा पाहणारा विद्यार्थी घाबरतो, दुसऱ्यांदा पाहणारा चिडतो, आणि मुरलेला माणूस दोन स्थळांपर्यंत छापून टाकतो आणि चहाला जातो.

अंशांची ही उपेक्षा किती जुनी? फोरट्रान भाषा १९५७ साली आली. तिच्या पहिल्या पिढीतले प्रोग्रॅमर निवृत्त झाले, त्यांची नातवंडं नोकरीला लागली, आणि मग फोरट्रान २०२३ या मानकात अंशांमध्ये उत्तर देणारी उलटी फंक्शनं अधिकृतपणे दाखल झाली. मधल्या काळात काही कंपायलर ती आपल्या जबाबदारीवर देत होते, पण दप्तरी नोंद नव्हती. सी भाषेने त्याच वर्षाच्या मानकात वेगळीच मेख मारली. तिथे आता अशी फंक्शनं आहेत की जी उत्तराला पायने भागून देतात. म्हणजे ०.५ दिलं की साधारण ०.१६६७ मिळणार. अंशही नाहीत, रेडियनही नाहीत, अर्ध्या फेऱ्याचा सहावा भाग. त्यामागची कारणं रास्त आहेत हे मला मान्य आहे; पण अंश मागणाऱ्याची कुठलीही कमिटी पहिल्या बैठकीत दखल घेत नाही, हेही दिसतंच.

नावांचीही गंमत आहे. साइनच्या डोक्यावर उणे एक लिहिण्याची पद्धत इंग्लंडच्या जॉन हर्शेलने १८१३ साली आणली, आणि तेव्हापासून प्रत्येक वर्गात निदान चार मुलं ते ‘एक भागिले साइन’ समजून गुण घालवत आली आहेत. कॅल्क्युलेटरवाल्यांनी तीच खूण साइनच्या बटणाच्या वर बारीक अक्षरांत छापली आणि शिफ्ट दाबल्याशिवाय हाताला लागणार नाही अशी सोय केली. प्रोग्रॅमिंग भाषांना डोक्यावर काही लिहिता येत नव्हतं, म्हणून त्या या भानगडीतून वाचल्या. बेसिकने नुसतं ‘एटीएन’ म्हटलं, पास्कलने ऐसपैस ‘आर्कटॅन’, सीने ‘ए’ एवढाच मान ठेवला. पायथनमध्ये तर एकाच घरात दोन चाली होत्या: मूळ लायब्ररीत ए-साइन आणि नमपाय ही दुसरी लायब्ररी वापरायला घेतली की आर्कसाइन. शेवटी २०२४ मध्ये नमपायच्या दुसऱ्या आवृत्तीने ‘ए-साइनही चालेल’ असं जाहीर केलं. जुनं नाव काढलं मात्र नाही. आपल्याकडे रस्त्यांची नावं बदलतात तेव्हाही जुनं नाव रिक्षावाल्यांच्या तोंडी राहतंच.

आता मानापमानाचा भाग. आज ए-साइन, ए-कॉस आणि ए-टॅन लायब्ररीत खांद्याला खांदा लावून उभे दिसतात, पण या घराण्यात थोरली पाती ए-टॅनचीच. अल्गॉल ६० मध्ये साइन होता, कॉस होता, आर्कटॅन होता. उलटा साइन, उलटा कॉस यांना प्रवेश नव्हता. १९६४ च्या बेसिकमध्ये तेच. पास्कलमध्ये तर सुलटा टॅनसुद्धा नाही, पण आर्कटॅन आहे. फोरट्रानच्या १९६६ च्या मानकातही हाच नमुना: ए-टॅन हजर, टॅन गैरहजर, ए-साइन आणि ए-कॉस यादीत नाहीत. त्यांची वर्णी लागली ती थेट फोरट्रान ७७ मध्ये. म्हणजे अकरा वर्षं बाहेरच्या बाकावर.

कारण व्यावहारिक होतं. ए-टॅन कुठलीही संख्या पचवतो. शून्य द्या, कोटी द्या, उणे अब्ज द्या, तो काहीतरी समंजस कोन देतो. ए-साइन आणि ए-कॉस यांना उणे एक ते एक एवढाच आहार चालतो, त्याबाहेर पथ्य. शिवाय ए-टॅन एकदा घरात असला की बाकीचे दोघे त्याच्याकडून करवून घेता येतात. जी-डब्ल्यू बेसिकच्या पुस्तकात शेवटी अशा उसन्या फंक्शनांचं एक परिशिष्टच होतं. संगणक कक्षाबाहेर चपला काढून, मुठीत फ्लॉपी धरून ज्यांनी हे बेसिक शिकलं, त्यांना ते पान आठवत असेल. उलटा साइन हवा असेल तर संख्येला ‘एक वजा तिचा वर्ग’ याच्या वर्गमुळाने भागा आणि एटीएनकडे पाठवा. सूत्र निर्दोष, फक्त संख्या एक असली की खाली शून्य येतं. म्हणजे ज्या एका कोनाचं उत्तर पाचवीतल्या पोरालाही माहीत असतं, त्या नव्वद अंशांशीच सूत्र अडखळणार. आणि इथे जी-डब्ल्यू बेसिकने जे केलं ते मला फार आवडतं. शून्याने भागलंत म्हणून पडद्यावर खडसावायचं, पण काम थांबवायचं नाही. भागाकाराच्या जागी आपल्याकडची सगळ्यात मोठी संख्या ठेवायची आणि पुढे जायचं. त्या अजस्र संख्येचा एटीएन काढला की येतं १.५७०७९६, म्हणजे नव्वद अंश. बोलणी खाऊन बरोबर उत्तर. जुन्या मास्तरांच्या तालमीत वाढलेल्यांना यात नवल वाटलं नसावं.

ए-टॅनच्या थोरपणाचा आणखी एक पुरावा म्हणजे पायची व्यवस्था. पाय ही संख्या सी भाषेच्या मानकात नाही. बहुतेक कंपायलर ती देतात, पण ती कंपायलरची माया, मानकाचा हक्क नव्हे. जुन्या फोरट्रानमध्येही ती नव्हती. मग लोक काय करत? एकचा ए-टॅन काढून चारने गुणत. पंचेचाळीस अंशांचा टॅन एक, म्हणून एकचा ए-टॅन पायचा चौथा भाग. जगभरच्या असंख्य वैज्ञानिक प्रोग्रॅमची पहिली ओळ हीच असे, जशी पत्रावर आधी ‘श्री’.

या धाकट्या-थोरल्याच्या भांडणाला सहाशे वर्षांची पार्श्वभूमी आहे, आणि ती केरळात आहे. चौदाव्या शतकात जन्मलेल्या संगमग्रामच्या माधवाने टॅनवरून चाप काढण्याची अनंत श्रेणी शोधली: संख्या, वजा तिच्या घनाचा तिसरा भाग, अधिक पाचव्या घाताचा पाचवा भाग, असं पुढे पुढे. युरोपात ती जेम्स ग्रेगरीच्या हाती लागली १६७१ मध्ये. माधवाच्या शिष्यपरंपरेने ही रीत जपली, ज्येष्ठदेवाच्या ‘युक्तिभाषा’त तिची सिद्धताही आहे. पण मला त्यातली खरी मेख वाटते ती एका अटीची. ज्या आणि कोटिज्या, म्हणजे साइन आणि कॉस, यांपैकी जी लहान असेल तिलाच मोठीने भागा, उलटं करू नका. उलटं केलंत तर संख्या एकापेक्षा मोठी होते आणि श्रेणी आवरेनाशी होते. आता १९८० साली या. इंटेलने ८०८७ नावाची गणिताची चिप काढली. तिच्यात साइनची सूचना नव्हती, कॉसची नव्हती, उलट्या साइनची तर नव्हतीच. होती ती टॅनची आणि उलट्या टॅनची. आणि उलट्या टॅनला दोन संख्या द्यायच्या, तर अट काय? पहिली दुसरीपेक्षा लहान हवी. केरळातल्या नीला नदीकाठच्या पाठशाळेतला नियम सांता क्लाराच्या सिलिकॉनवर जसाच्या तसा. माधवाला कुणी मानधन पाठवलं असेल असं वाटत नाही.

आजच्या लायब्ऱ्या एवढ्या अटी घालत नाहीत, पण आतून करतात तेच. तुमच्या ब्राउझरमध्ये कोन काढणारं जे काम चालतं त्याचा बराचसा भाग सन कंपनीच्या १९९३ सालच्या कोडवरून आला आहे. हा कोड ए-टॅनला आलेली संख्या पाहतो. फार मोठी असेल तर उलटी करून घेतो, मधली असेल तर तिला अर्ध्याच्या, एकच्या किंवा दीडच्या ए-टॅनजवळ आणून बसवतो, आणि उरलेला बारीक तुकडा अकरा सहगुणकांच्या बहुपदीत घालून उत्तर काढतो. सन कंपनी २०१० मध्ये ओरॅकलने गिळली. फलक उतरले, कर्मचारी पांगले, पण कोडच्या डोक्यावरची ती कॉपीराइटची ओळ ब्राउझरच्या पोटात आजही आहे.

ए-साइन आणि ए-कॉसच्या पथ्याबद्दल थोडं जास्त सांगायला हवं, कारण निम्मे अपघात तिथेच होतात. सगळ्यात सोपा अपघात नवशिक्याचा: तीस अंशांचं काहीतरी काढायचं आहे म्हणून ए-साइनलाच तीस देणं. जगात साइन तीस असलेला कोन नाही. (संमिश्र संख्यांच्या जगात आहे; पायथनमध्ये त्यासाठी वेगळी लायब्ररी आहे, आणि ती दोनचाही उलटा साइन हसतमुखाने काढून देते. तिथे आपण आज जायचं नाही.) यावर पायथन थेट चूक दाखवून थांबतो. जावास्क्रिप्ट थांबत नाही. ते ‘नॅन’ नावाची वस्तू देतं, म्हणजे ‘ही संख्या नव्हे’, आणि पुढे चालू लागतं. नॅनमध्ये काही मिळवा, नॅन. नॅनला कशानेही गुणा, नॅन. नॅन नॅनबरोबर समान आहे का विचारा, उत्तर नाही. हळूहळू सगळ्या पडद्यावर नॅन पसरतो आणि तो निघाला कुठून हे शोधायला रात्रीचे दोन वाजतात.

पण तीस देणारा निदान स्वतःच्या चुकीने पडतो. निर्दोष माणसाचं काय? दोन दिशांमधला कोन काढायचा तर त्यांचा गुणाकार करून ए-कॉसला द्यायचा, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षाचं सूत्र. आता एकच दिशा दोनदा द्या. तिचा स्वतःशी असलेला कोन शून्य, गुणाकार बरोबर एक यायला हवा. संगणकाच्या दशांशी बेरजा-वजाबाक्यांत तो कधीकधी येतो १.०००००००००००००००२. ए-कॉसला हे पथ्याबाहेर. उत्तर, नॅन. तत्त्वज्ञांनी ‘मी कोण’ या प्रश्नावर शतकानुशतकं घालवली. इथे ‘माझा माझ्याशी कोन किती’ एवढंच विचारलं तरी यंत्र म्हणतं, ही संख्या नव्हे. म्हणून अनुभवी प्रोग्रॅमर ए-कॉसच्या दारात एक पहारेकरी बसवतात: एकपेक्षा मोठं काही आलं की त्याला दाबून एक करायचं, उणे एकपेक्षा लहान आलं की उचलून उणे एक करायचं. या ओळीवर कुणी टीप लिहीत नाही. ज्याला कळायचं त्याला कळतं, आणि ज्याला कळत नाही तो ती ‘अनावश्यक’ म्हणून काढून टाकतो आणि तीन महिन्यांनी परत घालतो.

ए-कॉसचा दुसरा गुण याहून छुपा आहे. एकच्या आसपास त्याला नीट दिसत नाही. पृथ्वीवरच्या दोन ठिकाणांतलं अंतर काढायचं एक जुनं सूत्र ए-कॉसवर संपतं. ते सात आकडी अचूकतेच्या संख्यांत चालवा आणि त्याला पुण्यात न्या. शनिवारवाडा ते लाल महाल किती? शून्य. कसबा गणपती ते शनिवारवाडा? शून्य. साधारण दीड किलोमीटरच्या आतलं सगळं शून्य, आणि त्यापलीकडे गेलात की पहिलाच आकडा येतो एकदम २.२ किलोमीटर. कारण इतक्या लहान कोनांचा कॉस एकच्या इतका जवळ असतो की सात आकड्यांत फरकच उरत नाही. पुणे-मुंबईच्या रिक्षाच्या मीटरलाही पहिल्या दीड किलोमीटरपर्यंत भाडं एकच असतं. फक्त तिथे ते शून्य नसतं. यावर इलाज म्हणून हॅवरसाइन नावाचं सूत्र वापरतात, जे एकेकाळी जहाजांचे कप्तान तक्ते घेऊन सोडवत. त्याच्या शेवटी ए-साइन किंवा ए-टॅन-टू असतो, आणि त्याला हाकेच्या अंतरावरचं नीट दिसतं.

आता नाव निघालंच आहे तर ए-टॅन-टूबद्दल. या सगळ्या घराण्यात शहाणपण जर कुणाला सुचलं असेल तर त्याला. साध्या ए-टॅनची अडचण अशी की त्याला मिळतो भागाकार, आणि भागाकारात खुणा विरघळतात. पूर्वेला एक आणि उत्तरेला एक गेलात, भागाकार एक. पश्चिमेला एक आणि दक्षिणेला एक गेलात, तरी भागाकार एकच. ए-टॅन दोघांनाही म्हणतो, पंचेचाळीस अंश. एकजण नागपूरकडे निघालाय, दुसरा गोव्याकडे, आणि होकायंत्र एकच. १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला फोरट्रान फोरने ए-टॅन-टू आणला आणि नियम केला: भागाकार करून आणू नका, दोन्ही संख्या वेगवेगळ्या आणा, भागायचं की नाही ते मी बघतो. त्यामुळे तो पूर्ण फेरा ओळखतो, उणे एकशे ऐंशी ते एकशे ऐंशी, आणि खाली शून्य आलं तरी घाबरत नाही. हरवलेले एकशे वीस अंश परत मिळवायचा हाच सरळ मार्ग: साइनबरोबर कॉसही आणा, म्हणजे दीडशेचे दीडशे मिळतात.

इतकं शहाणं फंक्शन बनवल्यावर माणसांनी त्यावर वाद घालायचा नाही तर कशावर? संख्या आणायच्या दोन, पण आधी कुठली? फोरट्रान, सी, पायथन, जावा म्हणतात आधी वाय, मग एक्स, कारण टॅन म्हणजे वाय भागिले एक्स. एक्सेल म्हणतं, शाळेत बिंदू लिहिताना आधी एक्स लिहीत होतात ना? मग आधी एक्स. दोघांचंही म्हणणं बरोबर. एक्सेलमधलं सूत्र उचलून पायथनमध्ये टाकणारा माणूस मात्र पंचेचाळीस अंशांच्या रेषेत आरशासारखा उलटतो: वीसचे सत्तर, सत्तरचे वीस. त्यात आणखी विनोद असा की होकायंत्राची दिशा उत्तरेकडून घड्याळाच्या दिशेने मोजतात, आणि ती काढायला वाय-एक्स उलटे करूनच द्यावे लागतात. त्यामुळे नकाशाच्या कामात चुकून उलटं लिहिणाऱ्याचं उत्तर अगदी बरोबर येतं, आणि नियमाने लिहिणाऱ्याचं चुकतं. अशा माणसाला पुढे काही समजावणं अशक्य असतं.

दोन्ही संख्या शून्य दिल्या तर? शून्यावर उभं राहून कुठल्या दिशेला तोंड आहे, हा प्रश्न निरर्थक आहे असं कुणालाही वाटेल. एक्सेलला तसं वाटतं. ते शून्याने भागल्याची तक्रार करून बाजूला होतं. पण संगणकातल्या दशांशी संख्यांत शून्ये दोन असतात, अधिक शून्य आणि उणे शून्य, आणि सी-जावा घराण्यातला ए-टॅन-टू चारही जोड्यांना वेगळं उत्तर देतो: शून्य, उणे शून्य, एकशे ऐंशी आणि उणे एकशे ऐंशी. ही मंडळी विक्षिप्त नाहीत. या दशांशी संख्यांच्या मानकाचा शिल्पकार विल्यम कहान याने १९८७ मध्ये एक अख्खा निबंध लिहून शून्याच्या खुणेची गरज पटवून दिली, आणि त्याच्या शीर्षकात शेक्सपिअरच्या एका सुखात्मिकेच्या नावावर कोटी केली. काहीच नसणं कुठल्या बाजूने काहीच नाही, यावर भांडणारे लोक मला एरवी फक्त साहित्य संमेलनात भेटले आहेत.

ए-टॅन-टूला पूर्ण फेरा कळतो, पण फेऱ्याला शिवण असते आणि ती एकशे ऐंशीवर आहे. गेममधला राक्षस एकशे एकोणऐंशी अंशांकडे बघतोय, तुम्ही दोन अंश सरकलात, आता त्याला उणे एकशे एकोणऐंशीकडे बघायचंय. फरक दोन अंशांचा. बिचारा वजाबाकी करतो, तीनशे अठ्ठावन्न काढतो आणि स्वतःभोवती गिरकी घेऊन मग तुमच्यावर धावतो. हवामान केंद्रावर सकाळी वारा साडेतीनशे अंशांवरून, दुपारी दहा अंशांवरून, दोन्ही वेळा जवळजवळ उत्तरेचा. सरासरी काढा: एकशे ऐंशी, दक्षिणेचा वारा. म्हणून तिथे कोनांची सरासरी काढत नाहीत. त्यांचे साइन आणि कॉस वेगळे मिळवतात आणि शेवटी ए-टॅन-टूला विचारतात.

राहिले ते उलटा सेक, उलटा कोसेक आणि उलटा कॉट. बहुतेक लायब्ऱ्यांनी यांना दारातूनच परत पाठवलं आहे, ज्याला हवं त्याने घरी करून घ्यावं. एक्सेलने २०१३ च्या आवृत्तीत उलट्या कॉटला घेतलं. मॅटलॅबकडे तो आधीपासून होता. आता दोघांनाही विचारा, उणे एकचा उलटा कॉट किती? मॅटलॅब म्हणतं उणे पंचेचाळीस अंश. एक्सेल म्हणतं एकशे पस्तीस. दोघेही आपापल्या व्याख्येप्रमाणे काटेकोर, आणि दोन्ही व्याख्या पुस्तकांत सापडतात. महाराष्ट्र मंडळाच्या बारावीच्या पुस्तकात उलट्या कॉटचा पट्टा शून्य ते एकशे ऐंशी आहे. म्हणजे लाखो रुपयांचा मॅटलॅबचा परवाना विकत घेऊन त्यातलं उत्तर पेपरात उतरवलं तर शून्य गुण, आणि ऑफिसच्या एक्सेलमधलं उतरवलं तर पूर्ण. बोर्डाचा परीक्षक या वादात एक्सेलच्या बाजूने आहे, हे एक्सेलला अजून कुणी कळवलेलं दिसत नाही.